पांडवलेणीच्या पायथ्याची बाग: घरच्यांना घेऊन जाताना

नाशिकला पाहुणे आले की बेत ठरलेला असतो. सकाळी गंगेवर, म्हणजे रामकुंडावर, मग काळाराम, सीतागुंफा, दुपारी त्र्यंबक. परतताना दोन तास उरले तर कुणीतरी म्हणतं, "चला, मुलांना फाळके स्मारकाच्या बागेत फिरवून आणू." तोवर पोरं पेंगायला लागलेली असतात, आजीने गुडघे धरलेले असतात आणि गेट बंद व्हायची वेळ झालेली असते. मी पाथर्डी फाट्याजवळ राहते. वर्षातून सात-आठ वेळा तरी आमच्याकडे नातेवाईक मुक्कामाला असतात आणि त्या सगळ्यांना मी एकच सांगते: या जागेला दिवसाचा उरलासुरला वेळ देऊ नका, सकाळ द्या. आणि आधी डोंगर चढा, बाग नंतर.

जागा समजून घ्या

शहरातून मुंबईच्या दिशेने निघालं की पाथर्डी फाटा ओलांडल्यावर महामार्गाच्या डाव्या हाताला एक तिकोनी डोंगर दिसतो. त्याच्या कमरेला लेण्यांची काळी ओळ असते. हा त्रिरश्मी डोंगर, जुन्या सीबीएस बसस्थानकापासून साधारण आठ किलोमीटरवर. त्याच्या पायथ्याला महापालिकेचं दादासाहेब फाळके स्मारक आहे, त्याच्याजवळच पांढऱ्या घुमटाचं बुद्ध स्मारक आहे आणि बाजूला वन खात्याचं नेहरू वनोद्यान आहे. वरची पांडवलेणी केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे.

हे आधी कळलेलं बरं, कारण नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. एकच तिकीट काढलं की सगळं बघता येईल असं वाटतं. प्रत्यक्षात खाती वेगळी, तिकिटं वेगळी, बंद व्हायच्या वेळाही वेगळ्या. म्हणून खिशात दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा ठेवा. लेण्यांना प्रौढ भारतीयांसाठी पंचवीस रुपये तिकीट आहे आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. मुलगा उंचापुरा असेल तर त्याच्या आधार कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा पहाटे दहाच्या खाली उतरतो, त्यामुळे मुंबई-ठाण्याकडच्या पाहुण्यांनो, स्वेटर विसरू नका. नऊ वाजता निघालं तरी वर वारा बोचतो आणि अकराला तोच स्वेटर कमरेला बांधावा लागतो.

पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो, कातळावरून पाण्याच्या बारीक धारा येतात, ढग अगदी लेण्यांपर्यंत उतरतात. मला स्वतःला जुलैतला डोंगर सगळ्यात आवडतो. पण पायऱ्यांवर शेवाळ धरतं. म्हातारी माणसं आणि कडेवरचं मूल बरोबर असेल तर त्या दिवसांत वर चढायचा आग्रह धरू नका, खालच्या खाली फिरा.

उन्हाळ्याचं मात्र मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्या आत्या आल्या होत्या. सकाळी घरातलं आवरताना उशीर झाला, मग बागेत मुलं रमली, आणि आम्ही साडेबाराला पायऱ्या चढायला घेतल्या. अर्ध्यावर आत्यांना गरगरायला लागलं. त्या तिथेच एका पायरीवर बसल्या, चेहरा पांढरा पडलेला, ओठ कोरडे. आमच्या बाटलीतलं पाणी मुलांनी केव्हाच संपवलं होतं. वरून उतरणाऱ्या एका कुटुंबाने त्यांच्याकडचं लिंबू सरबत दिलं, पदर ओला करून आम्ही त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि अर्ध्या तासाने हळूहळू खाली आलो. आत्या बऱ्या झाल्या, पण तो अर्धा तास मी विसरलेले नाही. तेव्हापासून आमचा क्रम बदलला. उन्हाळ्यात साडेसात-आठला पहिल्या पायरीवर पाय, हिवाळ्यात नऊपर्यंत चालेल, त्यानंतर नाही.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. सुट्टीच्या संध्याकाळी पाथर्डी फाट्यावर गाड्यांची रांग लागते. आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. त्या तारखांच्या आसपास फक्त बाग बघायला म्हणून नाशिकला येऊ नका. रस्ते बंद असतात, लॉजचे दर दुप्पट-तिप्पट होतात, लहान मुलांचे हाल होतात.

पिशवीत काय हवं

माणशी एक लिटर पाणी, वर चढताना विकत मिळेल या भरवशावर राहू नका. लिंबू-साखर-मीठ घातलेली एक वेगळी बाटली. टोप्या, एक पातळ ओढणी, सतरंजी. लहान टॉर्च नक्की घ्या, मोबाइलची बॅटरी फोटोंसाठी लागते आणि लेण्यांच्या आतल्या खोल्या अंधाऱ्या आहेत. पायात पकड असलेले बूट किंवा पट्ट्यांच्या सँडल्स. नव्या चपला, उंच टाचा घरी ठेवा. मुलाच्या मनगटावर बॉलपेनने तुमचा मोबाइल नंबर लिहा. गर्दीच्या दिवशी याचा उपयोग होतो, हे आमच्या शेजाऱ्यांच्या धाकट्याने एकदा सिद्ध केलं आहे.

उग्र वासाचं अत्तर, स्प्रे लावून जाऊ नका. डोंगराच्या कपारींत आग्या माश्यांची मोहळं असतात. वर बिडी-सिगारेट ओढणं, मोहळाकडे दगड मारणं, स्पीकर लावून नाचणं, यातलं काहीही आपल्यातल्या कुणी केलं तर लगेच थांबवा. माश्या उठल्या तर निमुळत्या वाटेवर पळायला जागा नसते.

पोहोचायचं कसं

सिटीलिंकच्या बस पाथर्डी फाट्यापर्यंत येतात, तिथून पुढे रिक्षा करा. नाशिकमध्ये मीटरने रिक्षा मिळेलच असं नाही. शेअर रिक्षा आहेत, पण त्या ठरलेल्या रस्त्यावरच धावतात. घरची चार-पाच माणसं असतील तर स्वतंत्र रिक्षा करा आणि बसायच्या आधी भाडं ठरवा. "फाळके स्मारक" म्हणालात तर खालच्या गेटपाशी सोडतील, "लेणीच्या पायऱ्यांशी" म्हणालात तर पायऱ्यांशी. सकाळी दुसरं म्हणा. नाशिकरोड स्टेशनवर उतरलात तर द्वारका आणि मुंबई नाक्यावरून यावं लागतं, पाऊण तास हाताशी ठेवा.

स्वतःची गाडी असेल तर शहरातून येताना वेळीच सर्व्हिस रोडला उतरा. मुख्य रस्त्यावर राहिलात की डोंगर डोळ्यांसमोरून मागे जातो आणि विल्होळीकडे जाऊन वळावं लागतं. मुंबईकडून येणाऱ्यांना डोंगर उजव्या हाताला दिसतो. दिसला म्हणून घाई करू नका, पुढे पाथर्डी फाट्याला जाऊन वळून या. महामार्ग पायी ओलांडायचा तर विचारही नको. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे ट्रक ब्रेक मारतील या आशेवर मुलांचा हात धरून कुणी उभं राहू नये.

नाश्ता

नाशिकला आलात तर मिसळच खाणार, पण चढायच्या आधी नको. काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही, वर जिलेबी, असं भरपेट खाऊन दोनशे पायऱ्या चढवत नाहीत. सकाळी पोहे किंवा उपमा, एखादं केळं. मिसळ उतरल्यावर. सकाळी रिकाम्या पोटी मात्र कुणालाही चढू देऊ नका, विशेषतः साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांना.

पायऱ्या

दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. तरुण माणूस दहा मिनिटांत वर पोहोचतो, घरच्यांबरोबर अर्धा तास धरा. लेण्यांची तोंडं उत्तरेच्या अंगाला आहेत, त्यामुळे सकाळी लवकर गेलं की हा चढ फारसा तापलेला नसतो.

चढायची आमची एक रीत आहे. घरातलं सगळ्यात सावकाश चालणारं माणूस सर्वांत पुढे. बाकीच्यांनी त्याच्या मागे राहायचं. त्याने थांबलं की सगळ्यांनी थांबायचं. उलट केलं, म्हणजे पोरं पुढे पळाली आणि आजी मागे राहिली, की आजी लाजेखातर दमतात, "मी ठीक आहे, तुम्ही व्हा पुढे" म्हणत राहतात आणि वर पोहोचेपर्यंत त्यांच्यात बघायचं त्राण उरत नाही. पोरांना पायऱ्या मोजायचं काम द्या. दोघांची मोजणी कधीच जुळत नाही, मग उतरताना पुन्हा मोजतात आणि तोंडाने मोजत असली की पळत नाहीत.

ज्यांना चढवणार नाही त्यांना आग्रह नको. त्यांच्याबरोबर घरातलं एक मोठं माणूस खाली थांबू द्या आणि बुद्ध स्मारकात बसू द्या. तिथली व्यवस्था पुढे सांगते.

वर काय बघायचं

लेणी चोवीस आहेत. चोवीसच्या चोवीस बघायच्या मागे लागलात तर सहाव्या लेण्याला मुलं भूक लागली म्हणतील. माझ्या मते चार नीट बघा.

पण आधी नावाचं सांगते, कारण मुलं हमखास विचारतात. पांडवांचा या लेण्यांशी संबंध नाही. कुणी कोरलं ते लोकांच्या स्मरणातून गेलं की आपल्याकडे ते पांडवांच्या नावावर जमा होतं. ही बौद्ध भिक्षूंची लेणी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. शिलालेखांत डोंगराचं नाव 'तिरण्हु' असं येतं, त्याचंच आजचं त्रिरश्मी. भिक्षू वर्षभर फिरत आणि पावसाळ्याचे महिने एका जागी राहत. राहायचं म्हणजे डोक्यावर छप्पर, झोपायला ओटा आणि प्यायला पाणी हवं. त्या खोल्या, ते दगडी ओटे आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी तुम्हाला दिसतील. टाक्यांपाशी मुलांचा हात सोडू नका.

पहिलं बघा तिसरं लेणं. ओसरीसमोर उभं राहून खाली पाहा. सहा बुटके यक्ष अर्धे जमिनीत रुतल्यासारखे कोरले आहेत आणि त्यांनी सगळी ओसरी खांद्यावर पेलली आहे. मुलांना खाली बसवून प्रत्येकाचा चेहरा बघायला लावा. माझ्या भाचीने एकाचे गाल फुगलेले दाखवले आणि म्हणाली, "मामी, याला जड होतंय." मी तिथे वीसेक वेळा गेले असेन, मला ते दिसलं नव्हतं. दाराभोवती तोरणासारखं कोरीव काम आहे. हे लेणं गौतमी बलश्रीने दान दिलं. ती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. मुलगा गेल्यानंतर, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, तिने इथे लेख कोरवून घेतला आणि त्यात मुलाचे पराक्रम सांगितले. आईने मुलाबद्दल लिहिलेला इतका जुना मजकूर आपल्याला दुसरा कुठे मिळणार? माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ त्या भिंतीसमोरून हलल्या नव्हत्या.

मग दहावं. हे त्याच सातकर्णीने ज्याचा पराभव केला, त्या क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं. ओसरीत दारांच्या वरच्या बाजूला टॉर्च मारा, ब्राह्मी अक्षरं दिसतील. यातला एक लेख म्हणजे चक्क मुदत ठेवीची पावती आहे. उषवदाताने गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दोन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. त्या व्याजातून या लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. हे गणित मुलांना तिथेच करायला द्या. दोन हजारांचं महिन्याचं व्याज वीस, वर्षाचं दोनशे चाळीस, वीस जणांत वाटले की प्रत्येकी बरोबर बारा. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब एका पैशाने चुकलेला नाही. आणि ते गोवर्धन गाव अजून आहे, गंगापूर रोडने पुढे गेलं की लागतं. लढाईचा पुरावाही जिल्ह्यातच सापडला. सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला १९०६ साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली आणि त्यातल्या बहुतेकांवर सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता.

अठरावं म्हणजे चैत्यगृह. बाकीची राहायची लेणी, हे प्रार्थनेचं. कमानदार दर्शनी भाग, आत खांबांच्या दोन रांगा आणि टोकाला स्तूप. आत शिरल्यावर दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसा. मग एकाने हलकेच एक स्वर लावावा आणि तो कसा फिरतो ते ऐकावं. ओरडून घुमवू नका, तिथे वंदनेला आलेली माणसं असतात. बुद्धपौर्णिमेला आणि वर्षावासाच्या, म्हणजे भिक्षूंच्या पावसाळी मुक्कामाच्या, दिवसांत तर खूप. चपला काढायला सांगितल्या तर काढा.

शेजारचं एकोणिसावं छोटं आणि साधं आहे, बहुतेक लोक वळूनही बघत नाहीत. मी पाहुण्यांना तिथे मुद्दाम थांबवते. हे इथलं सगळ्यात जुनं लेणं. सातवाहन राजा कण्ह याच्या काळात नाशिकच्या एका अधिकाऱ्याने ते करवलं, असं लेखात आहे. अठराव्यावरही नाशिककरांच्या दानाचा उल्लेख आहे. म्हणजे लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक, ही गोष्ट आपण सांगतोच, सांगावी, पण गावाचं नाव दगडावर कोरलेलं बघायचं असेल तर ते इथे आहे.

भिंतींवर नावं कोरणाऱ्या पोरांना मी हटकते. तुमच्यासमोर कुणी तसं केलं तर तुम्हीही हटका. डबे वर उघडू नका. खाऊ सांडला की माकडं आणि कुत्री येतात आणि मुलं घाबरतात. एक ते सव्वा तास पुरे होतो. उतरण्याआधी कठड्याशी उभं राहून शहराकडे पाहा: खाली महामार्ग, पलीकडे अंबड आणि सिडको, हवा स्वच्छ असेल तर लांबवर डोंगरांची रांग.

उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो. म्हाताऱ्या माणसांनी कठड्याच्या बाजूने, तिरकं पाऊल टाकत उतरावं.

बुद्ध स्मारक

खाली थांबलेल्या मंडळींना इथे भेटा. मोठा घुमट, आत बुद्धाची सोनेरी मूर्ती आणि बसायला गार फरशी. मे महिन्यातही आत शिरलं की अंग निवतं. श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या महाबोधी वृक्षाची फांदी २०२३ साली आणून या परिसरात लावली, ते रोप अवश्य बघा. पानं तोडू नका, आठवण म्हणूनही नको. ही सहलीची जागा असली तरी ज्यांच्यासाठी ती पूजेची आहे त्यांच्याकडे पाहून आवाज आपोआप कमी करावा.

दुपार

आता मिसळ. महामार्गाच्या दोन्ही अंगांना आणि पाथर्डी गावाकडे मिसळीची भरपूर ठिकाणं आहेत. मुलांसाठी रस्सा वेगळा मागा आणि दही जास्त घ्या. डबा आणला असेल तर सतरंजी टाकून सावलीत बसा, पण आधी खाणं चालतं का ते गेटवर विचारा. बाहेरच्या गाड्यांवर जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्षं मिळतात. घेताना आधी एक मणी खाऊन बघा, विकणारा स्वतःहून देतो. धुतल्याशिवाय मुलांना देऊ नका, बागेत फवारणी झालेली असते. भेळभत्ता मात्र संध्याकाळसाठी राखून ठेवा.

वनोद्यान

दुपारी दोन ते चार ही सावलीची वेळ, म्हणून वनोद्यान तेव्हा. ही कापलेल्या हिरवळीची बाग नाही, डोंगराच्या उतारावर राखलेलं झाडांचं रान आहे, मधून पायवाटा. जेवण झालेलं, पाय थकलेले, तेव्हा इथे चालण्यापेक्षा बसणंच जास्त होतं आणि तसंच व्हावं. आमच्याकडे मुलांना एक खेळ देतात: वेगवेगळ्या दहा झाडांखालचं गळलेलं पान आणायचं आणि आजोबांनी नाव सांगायचं. पळस, बहावा, करंज आजोबांना येतात. न आलेल्या झाडासाठी पाटी शोधायची. शहरात वाढलेल्या बापांना दोनच्या पुढे नावं येत नाहीत, त्यांनीही शिकून घ्यावं. फांद्या तोडायच्या नाहीत, वाट सोडून गवतात शिरायचं नाही. पावसाळ्यात साप असतात. नाशिकच्या डोंगरांत बिबट्या आहे, म्हणून दिवस मावळायच्या आत या बाजूने बाहेर पडा.

फाळके स्मारक

चारनंतर इथे या. आता ऊन कललेलं असतं, मुलांना पुन्हा जोर आलेला असतो आणि मोठ्यांना हिरवळीवर आडवं व्हायचं असतं. सव्वीस-सत्तावीस माणसांचं खटलं घेऊनही आम्ही इथे बसलो आहोत, जागा कमी पडली नाही. शिरल्याबरोबर तीन गोष्टी करा: बाहेर पडायचं गेट नीट पाहून ठेवा, चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ती खूण ठरवा, आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते मुलांना दाखवा. कारंजी किंवा पाण्यातले खेळ त्या दिवशी सुरू आहेत का, हे तिकीट काढतानाच विचारा. मुलांना आधीच "पाण्यात खेळू" असं कबूल करून बसू नका.

आणि ज्यांच्या नावाची ही बाग आहे त्यांच्याबद्दल दोन शब्द हिरवळीवर बसून सांगा. दादासाहेब फाळके आपल्याच त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. १९१३ साली मुंबईत त्यांनी आपला पहिला मूकपट 'राजा हरिश्चंद्र' दाखवला, त्यात राणीचं कामही पुरुषानेच केलं होतं. त्यानंतर त्यांनी बिऱ्हाड आणि स्टुडिओ नाशिकला हलवला आणि इथे केलेल्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी कामं केली. बायका आपल्या पडद्यावर पहिल्यांदा आल्या त्या नाशिकमुळे. सरस्वतीबाई फाळके घरचं सगळं सांभाळून फिल्म धुण्या-जोडण्याचं काम शिकल्या, तेही सांगा, मुलींना विशेष करून. १९४४ साली फाळके नाशिकलाच गेले.

लहान मुलांना यापेक्षा वाटाण्याची गोष्ट आवडते. भांडवल द्यायला कुणी तयार होईना, तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर कॅमेरा समोर ठेवून रोज थोडी थोडी फिल्म घेतली. ती पडद्यावर लावल्यावर दाण्यातून कोंब फुटून वेल झरझर वर चढताना दिसला, आणि लोकांना या माणसाच्या हातात काय आहे ते कळलं. मी ही गोष्ट सांगितली की मुलं लगेच आसपासच्या झाडांकडे बघायला लागतात, कुठलं वाढताना दिसतंय का म्हणून.

निघताना

हिवाळ्यात सहाला, उन्हाळ्यात सातला निघा. रिक्षा स्मारकाच्या गेटपाशीच धरा. पलीकडे स्वस्त मिळेल म्हणून रस्ता ओलांडू नका. अंधारात मुलं मागच्या बाजूला, मोठं माणूस दाराशी बसू द्या. आपला कचरा आपल्या पिशवीत घालून न्या, सतरंजी झटकून घडी करा, भाचरांच्या चपला मोजा.

दुसऱ्या दिवशी मुलं वाटाणा लावायचा म्हणून मागे लागतील. फ्रिजमधला सोललेला देऊ नका, तो उगवत नाही. वाण्याकडून मूठभर सुका हिरवा वाटाणा आणा, रात्रभर भिजत घाला, दोन दाणे कुंडीत पेरभर खोल लावा आणि रोज एकाच जागी उभं राहून, एकाच वेळी, मोबाइलवर एक फोटो काढायला सांगा.